अर्धं भरलेलं वर्तुळ

भोर आणि वेल्हे या दोन तालुक्यांत मिळून असा एकही माणूस सापडणार नाही, ज्याला माझ्या नणंदेने त्याच्या आईच्या आईचं माहेर विचारलं नाही. यात मी वाढवून सांगत असेन तर ते फार तर पाच-दहा तान्ह्या मुलांपुरतं, आणि त्यांच्याही आयांना तिने विचारलेलं होतंच. एसटीत शेजारी बसलेली बाई, किकवीच्या थांब्यावर शेंगा विकणारा म्हातारा, आमच्याकडे गॅसची टाकी आणणारा, बँकेतला नवा शिपाई, कुणी सुटला नाही. आधी नमस्कार नाही, पाऊसपाण्याची चौकशी नाही, थेट प्रश्न. समोरचा दचकायचा, मग संशयाने बघायचा, कारण असलं काही एक तर स्थळ बघणारे विचारतात नाहीतर वारसाचे वकील. पण तिच्या चेहऱ्यावर इतकी निखळ उत्सुकता असे, की तो सांगून टाकायचा आणि सांगता आलं नाही तर ओशाळायचा. एका कंडक्टरला आजीचं माहेर आठवेना. त्याने दुपारच्या फेरीत आईला फोन केला, आणि संध्याकाळी परतताना आम्ही त्याच गाडीत भेटलो तेव्हा कापूरहोळला घंटी मारायची सोडून तो आमच्या सीटपाशी आला आणि म्हणाला, "बाई, उत्रोली! लई जवळ निघालं की!" तिने लगेच पिशवीतून कागद काढून ते टिपून घेतलं आणि त्याचे आभार अशा आवाजात मानले, की त्याने एखादा हरवलेला किल्ला शोधून दिला असावा.

ती शास्त्रज्ञ होती. मूळची डॉक्टर, पण दवाखाना असा तिने कधी उघडला नाही. पुण्यातल्या एका संस्थेत पेशींवर संशोधन करण्यात तिचं सगळं आयुष्य गेलं. निवृत्त झाल्यावर ती भोरला आमच्या घरी राहायला आली, म्हणजे तिची पुस्तकं, सूक्ष्मदर्शक आणि एक छोटा फ्रीज आला आणि त्यांच्यामागून ती आली. माझे यजमान, म्हणजे तिचे दादा, त्याआधीच गेले होते, त्यामुळे घरात आम्ही दोघीच. मी शाळेतल्या ग्रंथालयात तीस वर्षं काढलेली, मला शांतता आवडते. तिला शांतता म्हणजे कुणीतरी काहीतरी चुकीचं बोलण्याआधीचा वेळ वाटायचा.

आमच्या नात्याला आणखी एक पदर होता. तिची आई ही माझी सख्खी आत्या. आत्याच्या मुलाला मला दिली, आमच्याकडे तशी चालच होती, आणि त्यामुळे जी लहानपणी माझी आतेबहीण होती ती एका दुपारीत माझी नणंद झाली. लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून तिने माझं नाव सोडून 'वहिनी' म्हणायला सुरुवात केली, पण 'तू' सोडलं नाही. "नातं बदललं, माणूस तेच आहे," असं तिने तेव्हाच, एकोणिसाव्या वर्षी, माझ्या आत्याला सुनावलं होतं.

तिच्या संशोधनाचा विषय मला समजावा म्हणून तिने मला तो चुलीच्या भाषेत सांगितला होता, आणि पुढे तिने तो सगळ्यांनाच तसा सांगितला. माणसाच्या शरीरातल्या प्रत्येक पेशीत, ती म्हणे, शेकडो बारीक चुली पेटलेल्या असतात. त्यांना मायटोकॉन्ड्रिया म्हणतात. आपण चालतो, बोलतो, भांडतो ते त्यांच्या आचेवर. चूल म्हटली की राख आली. ती राख काढून टाकणारे कामकरीही पेशीतच असतात. काही मुलांमध्ये त्यातला एक कामकरी जन्मापासूनच नसतो. मग राख साठत जाते, पोट मोठं दिसू लागतं, पोर सुकत जातं आणि शेवटी राखेखाली चांगल्या चुलीही गुदमरतात. हे साठवणुकीचे आजार पिढ्यांमधून येतात. ते कुठून कसे येतात आणि चुली नेमक्या कशा गुदमरतात, हे शोधण्यात तिची नजर अधू झाली आणि केस पांढरे झाले.

पिढ्या मांडण्यासाठी ती लग्नपत्रिका वापरायची. कागदाची टंचाई नव्हती, पण तिचं म्हणणं असं, की पत्रिकेच्या पुढच्या बाजूला मामा, काका, आजोबा सगळे आपणहून छापलेले असतात, मग मागच्या कोऱ्या बाजूला त्यांना जागेवर बसवणं सोपं जातं. पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ. आजारी मुलाचा आकार पूर्ण काळा. जो स्वतः धडधाकट असतो पण दोष पुढे देऊ शकतो, त्याचा अर्धा काळा. अजून पोटात असलेल्या बाळाची ती शंकरपाळी काढायची, कारण ते वर्तुळ की चौकोन हे विचारायचं नसतं. आणि जो माणूस गेला, त्याच्या आकारावरून एक तिरकी रेघ. पत्रिकांसाठी ती कुठल्याही लग्नाला जायची. अनोळखी मांडवात जेवून, वधूवरांवर अक्षता टाकून, पत्रिका मागून घेऊन यायची, आणि वरमाईला जाता जाता तिच्या आईच्या आईचं माहेर विचारायची.

आणि चूक तिला ऐकवत नसे. हा तिचा सगळ्यात अवघड भाग. एका बारशाला कुणीतरी कौतुकाने म्हणालं, बाळाचं सगळंच बापाचं आहे हो. माझी नणंद हातातला पेढा ठेवून उभी राहिली. "सगळं नाही," ती म्हणाली, "चुली सगळ्याच्या सगळ्या आईच्या आहेत. बापाकडून एकसुद्धा येत नाही." बाळाच्या आजीने, आईच्या आईने, तेवढ्यात तिच्या ताटलीत आणखी दोन पेढे ठेवले. दुसऱ्या एका घरी, जिथे आजारी माणसाला सगळे 'आता बरे होताय' म्हणत होते, तिथे तिने त्या माणसाला तो बरा होत नाहीये हे सांगितलं, आणि पुढे काय काय होईल तेही. नातेवाईकांनी आमच्याशी बोलणं टाकलं. तो माणूस मात्र शेवटपर्यंत तिलाच बोलावून घेत होता.

लोक तिला 'रगतवाल्या बाई' म्हणायचे. तिच्याजवळ एक थर्मोकोलची पेटी असायची, आत बर्फाच्या पिशव्या आणि जांभळ्या बुचाच्या काचेच्या नळ्या. डोंगरातल्या एखाद्या घरी पोर असं सुकत चाललंय असं कानावर आलं, की ती पेटी घेऊन निघायची. रक्त नळीत पडल्यापासून प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत तिचा जीव टांगणीला लागलेला असे. एसटीत ती पेटी मांडीवर घेऊन बसायची आणि दर दहा मिनिटांनी झाकणाला कान लावायची. कशासाठी, ते मी कधी विचारलं नाही.

अशीच ती एकदा पालीच्या वर, राजगडाच्या अंगाला असलेल्या धनगरांच्या घरांपर्यंत गेली होती. पाच घरं, त्यांच्या म्हशी आणि चहूकडे कारवीचं रान. तिथल्या ठकूबाईचा नातू, मंगल आणि बबनचा मुलगा, तीन वर्षांचा होता आणि त्याचं पोट तिला लांबूनच दिसलं. तपासणीत नाव कळलं. औषध असं हाताशी काही नव्हतं. पोर त्या पावसाळ्यानंतर गेलं. जाईपर्यंत माझी नणंद महिन्यातून दोनदा वर चढत होती, आणि तिथून आल्यावर त्या दिवशी कुणाचीही चूक दुरुस्त करत नव्हती.

या ठकूबाईची सून मंगल ही तिच्या भावाचीच मुलगी. म्हणजे आमच्यासारखीच चाल. हे मला त्यांच्या पत्रिकेच्या मागे काढलेल्या चित्रावरून कळलं. दोन रेघा वर चढत जाऊन एकाच चौकोनाला मिळत होत्या. तो चौकोन ठकूबाईच्या वडिलांचा.

मग माघात ती गोष्ट घडली. पाली भागातल्या एका शाळेने विज्ञानाचं काहीतरी सोप्या भाषेत सांगा म्हणून तिला बोलावलं. मीही बरोबर होते. तिने चुली सांगितल्या, राख सांगितली, आणि मुलं कंटाळू लागली तेव्हा तिचं लाडकं वाक्य टाकलं, "चुली सगळ्या आईच्या, बापाची एकही नाही." मुली टाळ्या वाजवायला लागल्या. मागच्या भिंतीला टेकून तीन-चार बायका बसल्या होत्या. त्यातली एक ठकूबाई होती, खाली दूध घालायला आलेली. भाषण संपायच्या आधीच ती उठून गेली. माझ्या नणंदेने तिला पाहून हात केला होता. तिने तो पाहिला नाही असं आम्हाला वाटलं.

पंधरा-वीस दिवसांनी, सकाळी, मंगलचा बाप, म्हणजे ठकूबाईचा भाऊ, आमच्या दारात आला. भाटघरच्या पाण्यापलीकडून चालत आणि होडीने आलेला माणूस. चहा घेतला नाही.

"बाई, तुमी शाळंत आसं काय बोलला," तो म्हणाला, "की माजी लेक घरी आली?"

माझ्या नणंदेला कळेना. त्याने जे सांगितलं ते असं. मंगलला पुन्हा दिवस गेले होते. ठकूबाई शाळेतून वर गेली ती थेट सुनेपुढे उभी राहिली. शिकल्यासवरल्या बाईनं सगळ्यांदेखत सांगितलंय, ती म्हणाली, चूल आईची आसती, बापाचं त्यात काय न्हाई. म्हंजी पोर गेलं ते तुज्यापायी, आन् तुज्या आईपायी. "माज्या बापाच्या रगतात खोट न्हाई," असं तिने भावाला निरोपात कळवलं होतं, "ती भावजयीकडनं आली." मंगलला तिच्या गाठोड्यासह परत पाठवलं होतं, आणि बबनसाठी दुसरीकडे बोलणी सुरू झाली होती. येत्या रविवारी पाहुणे यायचे होते.

"माजी बायकू जेवंना," तो म्हणाला. "नणदंनं नाव ठिवलं म्हून. आन् पोरगी नुसती पोटाव हात ठिवून बसतीया."

माझ्या नणंदेने विचारलं, "किती दिवस झाले तिला?"

"दोन म्हैनं वर झालं आसतील."

त्या क्षणी मी तिच्याकडे पाहिलं आणि मला भीती वाटली. ती नेहमी बोलून मोकळी होणारी बाई, पण आता ओठ घट्ट मिटून बोटांवर आठवडे मोजत होती. तो गेल्यावर तिने मला सांगितलं. पोटातलं बाळ तीन महिन्यांचं होईपर्यंत त्याच्या वारेचा अगदी बारीक तुकडा काढून ते आजारी आहे का हे सांगता येतं. पण त्याआधी आई आणि बाप दोघांच्याही रक्तातला दोष नेमका कुठे आहे हे सापडायला हवं. मुलाच्या रक्ताचा नमुना पहिल्याच तपासणीत संपला होता. मंगल रक्त देईल. बबनचं रक्त या आठवड्यात मिळालं नाही तर वेळ निघून जाईल, आणि मंगलला ते पोर जन्मून सुकेपर्यंत वाट बघत बसावं लागेल.

"आणि ठकूबाई बबनला हात लावू देणार नाही," मी म्हटलं.

"कशी देईल? दोष त्याच्यात नाही हे तिला मीच सांगितलंय," ती म्हणाली. "चुलींबद्दल बोललेलं खरं होतं, वहिनी. पण त्या पोराच्या चुली चांगल्या होत्या. मी राख आणि चूल एकाच दमात सांगितली आणि कुठली कुणाकडून येते ते सांगायचं राहिलं. टाळ्या पडल्या म्हणून थांबले."

दुसऱ्या दिवशी आम्ही सातच्या गाडीने निघालो. मांडीवर पेटी. त्या दिवशी तिने एसटीत कुणालाही काहीही विचारलं नाही. उत्रोलीचा तो कंडक्टर दोनदा जवळून गेला आणि शेवटी मलाच म्हणाला, "बाईस्नी बरं न्हाई का?" नसरापूरला गाडी बदलली. मार्गासनीच्या पुढे रस्ता अरुंद झाला तसा तिने माझा हात धरला. असं तिने लहानपणीसुद्धा कधी केलं नव्हतं. पालीहून परतीची गाडी तीनला होती. वर चढायला आम्हाला दीड तास लागला, कारण तिचे गुडघे आणि माझा दम यांचं एकमत होत नव्हतं. पेटी आम्ही आळीपाळीने घेत होतो.

ठकूबाई अंगणात शेण्या थापत होती. तिने मान वर केली नाही. गोठ्याच्या मेढीला टेकून बबन उभा होता, सहा फुटी गडी, पण आईच्या पाठीकडे बघून उभा. कुत्रं भुंकलं, त्याला कुणी गप्प केलं नाही.

"लेकाचं रगत मिळायचं न्हाई," ठकूबाई म्हणाली. "आल्या वाटंनं जावा."

"मी माझी चूक सांगायला आलेय, ठकूबाई."

शेणी थापणारा हात थांबला. मीही वळून नणंदेकडे पाहिलं, कारण हे वाक्य मी तिच्या तोंडून जन्मात प्रथम ऐकत होते.

ती खाली मातीतच बसली. म्हणाली, "चूल आईची असते हे खरं. पण तुमच्या नातवाला चुलीचा आजार नव्हता. त्याच्यात राख काढणारा नव्हता. तो आई आणि बाप दोघांनी मिळून द्यायचा असतो, एकेक. एक जरी धड मिळाला तरी पोर खेळतं. त्याला दोन्ही मोडके मिळाले."

"माज्या लेकात मोडकं काय न्हाई. म्हस एकटा धरतो त्यो."

"ज्याच्याकडे एक मोडका आणि एक धड असतो तो म्हसच धरतो. त्याला कळतसुद्धा नाही."

"मंग त्याच्यात आला कुठनं?"

हाच तो प्रश्न होता. उत्तर पत्रिकेच्या मागे काढलेलं होतं आणि ते माझ्या नणंदेला पाठ होतं. तुमच्या बापाकडून तुमच्यात आणि तुमच्या भावात, तुमच्याकडून बबनमध्ये, भावाकडून मंगलमध्ये. ती हे सांगणार, मला खात्री होती, कारण ती कुणालाही न सांगता राहिलेली नव्हती. आणि ज्या बाईने बापाच्या रक्ताची शपथ घेऊन सून बाहेर काढली, तिला तिच्याच अंगणात हे ऐकवलं की सगळं तिथेच संपणार, रक्त मिळणार नाही, रविवारी पाहुणे येणार. मी नणंदेचा पदर मागून ओढला.

पण तिने ती पत्रिका बाहेर काढलीच नाही. पिशवीच्या आतल्या कप्प्यातून दुसरीच काढली, पिवळी पडलेली, कडा झिजलेली. वरच्या गणपतीवरून मी ती ओळखली. ती माझ्या लग्नाची होती.

"हे आमच्या घरचं चित्र आहे," ती म्हणाली आणि ती उलटी करून जमिनीवर ठेवली.

ठकूबाईने शेणाचे हात मागे बांधले आणि वाकली. "ही गोल कोण?"

"माझी आई. आणि हा तिचा भाऊ."

"भावाची लेक कंची?"

"ही. या बसल्यात ना, त्या."

ठकूबाईने माझ्याकडे पाहिलं. "आन् दिली कुणाला?"

"आत्याच्याच मुलाला. माझ्या दादाला."

"आमच्यावानीच की." ती थोडी आणखी वाकली. "आन् त्यांच्या खालचं हे काळं?"

वारा पडला होता की मलाच ऐकू येईनासं झालं होतं, सांगता येत नाही. माझी नणंद म्हणाली, "नंदू. आमचा. चार वर्षांचा होऊन गेला."

चौतीस वर्षांत तिने माझ्यासमोर त्याचं नाव घेतलं नव्हतं. त्याचंही पोट असंच दिसायचं. पुण्याच्या डॉक्टरांकडेही तेव्हा त्या आजाराला नाव नव्हतं. तो गेला त्याच्या तेराव्यानंतर आत्याने मला स्वयंपाकघरात एकदाच विचारलं होतं, तुझ्या आईकडे असं काही होतं का गं? ते वाक्य कसं कोण जाणे माझ्या आईपर्यंत पोहोचलं. ती त्यानंतर भोरला राहायला म्हणून कधी आली नाही. आणि मी दुसरं मूल होऊ दिलं नाही. आत्याने विचारलं तेव्हा माझी नणंद दाराशी उभी होती, पाण्याचा तांब्या घेऊन. तिने ऐकलं होतं हे मला माहीत होतं. चूक न सोडणाऱ्या त्या मुलीने तेव्हा काही म्हटलं नाही, याचं मला कितीतरी वर्षं नवल वाटायचं.

"हे अर्धं अर्धं काय काळं केलंया?" ठकूबाई विचारत होती.

"एक मोडका, एक धड. हे माझे आजोबा. ही माझी आई, हा तिचा भाऊ. हा दादा. या वहिनी." तिचं बोट एका वर्तुळावर थांबलं, जे सगळ्यांपासून जरा बाजूला होतं. "आणि ही मी."

हे मला माहीत नव्हतं.

ठकूबाई बराच वेळ चित्राकडे बघत राहिली. तिचे ओठ हलत होते. ती वर्तुळं आणि चौकोन मोजत नव्हती, आपली माणसं त्यांच्यावर ठेवून बघत होती. आई, भाऊ, लेक, भाची. मग तिने मान वर केली आणि माझ्या नणंदेला नाही, मला विचारलं, "तुमाला बोलल्या का मंग घरच्या?"

"एकदाच," मी म्हटलं.

"एकदा लई झालं," ती म्हणाली.

ती आत गेली. भांड्याचा आवाज आला. हात कोपरापर्यंत धुऊन, पदराला पुसत बाहेर आली आणि पेटीसमोर बसून तिने दंड पुढे केला. "आदी माजं काडा."

"तुमचं नको, ठकूबाई. बबनचंच हवं आहे."

"काडा म्हन्ते न्हवं! माज्या बापाचं हाय त्ये. मलाबी कळू दे."

ज्याचा प्रयोगाला काही उपयोग नाही असं एकही काम माझ्या नणंदेने आयुष्यात केलं नव्हतं. तिने ठकूबाईच्या दंडाला पट्टी बांधली, नळी भरली, त्यावर स्वच्छ अक्षरात नाव लिहिलं आणि ती बर्फात ठेवली. मग बबन. म्हैस एकटा धरणाऱ्या त्या गड्याने सुई पाहिली मात्र, डोळे पांढरे केले आणि मेढीवरून घसरत खाली आला. "आगं बया," ठकूबाई म्हणाली, "आन् म्हनं खोट न्हाई!" इतक्या ताणात मला हसू आलं आणि माझ्यामागून माझी नणंदही हसली, पण तिचा हात हलला नाही आणि दुसरी नळी भरली.

अडीच वाजून गेले होते. आमच्या पायांनी तीनची गाडी मिळणं शक्य नव्हतं. तोंडावर पाणी मारलेल्या बबनच्या डोक्यावर ठकूबाईने पेटी दिली. "पळ. गाडी धरून ठिव. आन् खाली जातुयासच तर तसाच फुडं भोरावरनं जा. मंगलला आन. माज्या भावजयीला म्हनावं," इथे ती अडली, "म्हनावं, ठकी येती भेटाया." बबन उतारावरून दिसेनासा झाला. आम्ही पोहोचलो तेव्हा गाडी सुरू होती आणि तो तिच्या तोंडाशी आडवा उभा होता, ड्रायव्हर त्याला शिव्या देत होता.

गाडीत आम्ही दोघी शेजारी बसलो, पेटी तिच्या मांडीवर. बबन पार पुढे.

"तुला कधी कळलं?" मी विचारलं.

"बारा वर्षं झाली. आपल्या सगळ्यांचं जुनं रक्त होतं. नंदूचंही थोडं मी तेव्हाच जपून ठेवलं होतं."

"सांगितलं नाहीस."

"आई होती तेव्हा." ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "मग आई गेली, दादा आजारी पडला. मग तो गेला. मग तू काही विचारलं नाहीस, वहिनी."

मला राग आला होता, हे मी लिहून ठेवते. नसरापूर येईपर्यंत मी बोलले नाही. मग म्हटलं, "माझ्या आईला कळायला हवं होतं."

"हो," ती म्हणाली. तिने झाकणाला कान लावला.

तिथून पुढे रक्त, मग मंगल आणि बबन पुण्याला, मग वाट बघणं. रविवारच्या पाहुण्यांना ठकूबाईने परस्पर वाटेला लावलं होतं. तीन आठवडे माझी नणंद घरात अशी वावरली की मी चहात साखर विसरले तरी तिने दाखवून दिलं नाही. माझा राग त्या दिवसांत कुठेतरी पातळ झाला. एका सकाळी फोन आला. ती स्वयंपाकघरात आली, ओट्याला धरून उभी राहिली आणि म्हणाली, "अर्धं." तिने लगेच ठकूबाईला फोन लावला. पलीकडचा आवाज मलाही ऐकू येत होता.

"आर्द म्हंजी धड ना, बाई?"

"धड. तुमच्यासारखं. माझ्यासारखं."

त्या दिवशी तिने बबन-मंगलच्या पत्रिकेवरची शंकरपाळी अर्धी काळी केली.

श्रावणात ती गेली. सकाळी चहा घेता घेता, हृदयाने. आदल्याच दिवशी तिने आमच्या नव्या पोस्टमनला त्याच्या आजीचं माहेर विचारलं होतं, आणि तो विचारून सांगतो म्हणाला होता. तो आठ दिवसांनी आला, दाराशी उभा राहिला, आणि मला म्हणाला, "वडगाव." मी ते तिच्या कागदावर लिहून ठेवलं.

दिवाळी झाल्यावर ठकूबाई आली. बरोबर मंगल, आणि मंगलच्या कडेवर दोन महिन्यांची मुलगी, जिचे डोळे सगळीकडे भिरभिरत होते. ठकूबाईने तुपाची बरणी ओट्यावर ठेवली आणि बसायच्या आधी म्हणाली, "बाईंच्या कागदावर आमची पोर लिवा. रिकामी नगं ऱ्हायला."

मी माडीवरून पत्रिका शोधून आणली. शंकरपाळी खोडून तिच्या जागी वर्तुळ काढलं. माझा हात तिच्यासारखा स्थिर नाही, वर्तुळ जरा लांबट आलं. मग ते अर्धं भरलं. ठकूबाई वाकून बघत होती. मुलीने शाईच्या पेनाकडे हात केला आणि मंगलने तो हसत मागे घेतला. जाताना ठकूबाई उंबऱ्याशी थांबली. "भावजय येती हिला न्हाऊमाखू घालाया," ती म्हणाली. "माज्यापेक्षा बरी घालती."

त्या गेल्यावर पेन माझ्या हातातच होतं. मी माझी पत्रिका काढली, ती पिवळी. आजोबांवर तिरकी रेघ आहे, आत्यावर आहे, माझ्या आईवडिलांवर, यजमानांवर, त्या छोट्या काळ्या चौकोनावर आहे. सगळ्या तिच्या हाताने मारलेल्या, पट्टी लावल्यासारख्या सरळ. तिच्या वर्तुळावर नाही. ती असती तर एव्हाना तिने मला सांगितलं असतं की वहिनी, हे चित्र चुकीचं आहे, त्यात एक रेघ कमी आहे.

मी पेनला टोपण लावलं. एक चूक तशीच राहू दिली आहे.